आतली कडी

२७ मार्च, गुरुवार

आज सत्यशीलाच्या दारात टेम्पो थांबला आणि त्यातून सात शटरं उतरली. दुकानाला असतात तशी, लोखंडी, गुंडाळून वर जाणारी. घराला शटर कोण लावतं? गल्ली जमा झाली, विमलबाई पदर खोचून पुढे. मी ओट्यावर तूर निवडत बसले होते, म्हणजे तसं दाखवत होते.

सत्यशीला माझी धाकटी जाऊ. तिच्या आणि माझ्या घरात एक बोळ. तिचं घर स्लॅबचं, माझं पत्र्याचं. मागच्या वैशाखात गारपीट झाली तेव्हा माझे चार पत्रे उडाले आणि तिच्या मोठ्या काचेच्या खिडक्या फुटून सासूबाईंच्या दंडात काच घुसली. सहा टाके पडले. माझ्या पत्र्यांची चर्चा दोन दिवस चालली, तिच्या काचांची वर्षभर. म्हणून आता सहा खिडक्यांना बाहेरून शटर आणि पुढच्या, घराच्या एकुलत्या एका दाराला मोटारीचं, बटण दाबलं की आपोआप खाली येणारं. रविराज भाऊजींनी कुणा पुढाऱ्याच्या बंगल्याला पाहिलं म्हणे. यांनीही पाहिलं असेल कुठेतरी, पण आमचे हे पाहतात आणि घरी येऊन जेवतात.

सुनिताला आठवा संपून नववा लागला आहे. बाजेवर पडल्या पडल्या म्हणाली, "छान दिसतंय की गं काकूचं घर." माझीच पोरगी.

मी जळत नाही. दिसलं ते लिहून ठेवते. अंगणवाडीत पोरांची वजनं लिहून लिहून हाताला सवय लागली आहे, आणि खताच्या दुकानातून मिळालेली ही डायरी कोरी पडून होती.

२९ मार्च, शनिवार

फिटर चौसाळ्याचा आहे, उत्तरेश्वर नाव. जन्मभर दुकानांचीच शटरं केली, घराचं हे पहिलंच. दुपारी पाणी प्यायला आमच्याकडे आला आणि जाता जाता माझ्या खिडकीवर टेप धरला. विचारलं, तर हसून म्हणाला, "आसंच वहिनी, अंदाज घेतो."

कसला अंदाज? माझी खिडकी किती लहान आहे त्याचा? हे सत्यशीलाचंच काम. तिकडे बसून दोघी-तिघी हसल्या असतील.

३० मार्च, रविवार. पाडवा.

माझी गुढी तिच्या गुढीपेक्षा चांगली दोन हात उंच होती. कुणी वर मान करून पाहिली नाही, कारण सगळ्या बाया तिच्या दारात. सत्यशीला बटण दाबायची, शटर खर्रर्र खाली, पुन्हा वर. सासूबाई लहान पोरासारख्या टाळ्या वाजवत होत्या. माझ्या लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली, त्यांनी माझ्या कशाला टाळी वाजवलेली आठवत नाही.

मी मात्र नीट निरखून आले. आपलं ठेवावं झाकून आणि दुसऱ्याचं बघावं वाकून, ते माझ्यासाठीच म्हटलं आहे बहुतेक. खिडक्यांच्या शटरच्या कड्या बाहेरच्या बाजूला आहेत. दोन्ही टोकांना, खाली. आतून उघडायची काही सोयच नाही. एवढा खर्च करून हे. बोलणार होते, पण बोलले असते तर म्हणाल्या असत्या, आक्काला बघवत नाही. मग गोड शिरा खाऊन घरी आले.

४ एप्रिल, शुक्रवार

आज एक आठवं शटर आलं. इतर सातांपेक्षा चांगलं हातभर लहान. त्यांच्या गोठ्याच्या भिंतीला टेकवून ठेवलंय. माप चुकलं, दुसरं काय. मला दिवसभर बरं वाटलं.

सत्यशीला बीडला गेली होती, भाऊजी कारखान्याच्या निवडणुकीसाठी माजलगावला, सासूबाई देवळात. काम संपवून उत्तरेश्वर माझ्याकडे आला. हातात एक लोखंडी हँडल, रहाटाच्या दांड्यासारखं वाकडं. म्हणाला, वहिनी, हे त्यांना द्या. लाइट गेली तर मोटार चालणार न्हाई, तवा आतून, मोटारीच्या पेटीखालच्या भोकात हे घालून फिरवायचं, शटर वर येतं. आणि एक सांगा, म्हणून ओट्यावर बसलाच.

"मह्या लक्षात उशिरा आलं. दुकानदार शटर बाहेरून लावतो आन घरी जातो. हितं मानूस आतच ऱ्हानार हाय. मी आतून कड्या करून आनतो, पर मह्या चुलतभावाचं लगीन हाय, महिना लागंल. तवर मागच्या खिडकीचं शटर कायम आर्धं वर ठिवा. सगळी एकदम बंद करायची न्हाईत. आन बंद आसताना आत जाळ करायचा न्हाई, चूल न्हाई, काई न्हाई. एवढं सांगा नक्की."

मी बरं म्हटलं. हँडल कपाटावर ठेवलं आहे.

५ एप्रिल, शनिवार

सत्यशीला सकाळी कुरडयांचा चीक घेऊन आली. वाटीही नवी. उगाच उभी राहिली, पदराशी चाळा करत. मग म्हणाली, "काल उत्तरेश्वर आलता का आक्का? काही निरोप?"

बांगड्या नव्या होत्या. बीडहून आणलेल्या. त्या दिसाव्यात म्हणून हात असा पुढे धरून उभी.

मी म्हटलं, "पाणी पिऊन गेला." ती आणखी थोडा वेळ थांबली आणि गेली.

खोटं नाही बोलले. पाणी प्यायला होता तो. निरोप काय, उद्या देईन. एवढी मोटार घेतलीय ना, मग एक दिवस हँडलावाचून काढावा. चीक चांगला होता, मीठ थोडं कमी.

१२ एप्रिल, शनिवार

सुनिताला मुलगी झाली. बीडला, पहाटे. पावणेतीन किलो. मी स्वतः वजनकाट्यावर दोनदा बघितलं. केस इतके दाट की नर्सबाई हसली. हे आजोबा झाले आणि दवाखान्याच्या पायरीवर बसून रडले.

आज मला कुणाचाही हेवा वाटत नाही. सत्यशीलाला हे नाही. लग्नाला एकवीस वर्षं झाली, मोटारीचं शटर आहे आणि पाळणा नाही. तिनं बाळ हातात घेतलं आणि किती तरी वेळ परत दिलंच नाही, शेवटी मला मागून घ्यावं लागलं.

१६ एप्रिल, बुधवार

घरी आणून दोन दिवस झाले आणि आज संध्याकाळी वारा सुटला. माझा एक पत्रा वाजायला लागला. तेवढं निमित्त पुरलं. सासूबाई काठी टेकत आल्या आणि म्हणाल्या, "वल्या बाळंतिणीला पत्र्याखाली ठिवती व्हय गं वनमाला? मागच्या साली लिंबाएवढी गार पडलीती, इसरली का? सत्यशीलाच्या घरी आन तिला."

मी म्हटलं, पहिलं बाळंतपण आईच्या घरी असतं. त्या म्हणाल्या, मंग तू बी ये की तिकडं. सुनिताकडे पाहिलं तर ती पिशवी भरत होती.

मी गेले नाही तिकडे राहायला. माझ्या घराला कुलूप लावून मी जावेच्या दारात पाहुणी म्हणून का झोपू? दिवसातून चार खेपा घालते. पण बाज तिची, खोली तिची, पंखा तिचा. माझ्या पोरीचं बाळंतपण तिनं उचलून नेलं, आणि सगळे म्हणतात किती मनाची मोठी.

२० एप्रिल, रविवार

शेक-शेगडीसुद्धा तीच करते. कोळसे फुलवून बाजेखाली सरकवते, वर ओवा-शेपा टाकते, खोलीभर वास. बाळाला तेल लावते ते मात्र चांगलं लावते, तोंडावर थेंब येऊ देत नाही.

अंगणवाडीच्या प्रशिक्षणात मॅडमनी तक्ता दाखवला होता: कोळशाच्या शेगडीचा वायू, त्याला वास नसतो, रंग नसतो, बंद खोलीत माणूस झोपल्यासारखा पडतो. मीच तो तक्ता गावातल्या बायांना तीन वेळा समजावला आहे. त्यात सत्यशीला पण होती. पण तिची खोली उघडी असते, खिडक्या उघड्या असतात. शटरं तर दिवसभर वरच आहेत.

हँडल कपाटावरच आहे. आज द्यायचं होतं. पण सोळा दिवसांनी नेऊन देऊ, तर विचारेल इतके दिवस कुठं होतं. काय सांगू?

२४ एप्रिल, गुरुवार

बारसं झालं. तिच्याच हॉलमध्ये. नाव स्वरा ठेवलं, सुनिताच्या नणंदेनं कानात सांगितलं. कुंची सत्यशीलानं शिवलेली, मोती लावून. मीही एक शिवली होती, साधी. ती पाळण्याखाली ठेवलेल्या पिशवीत राहिली. प्रत्येक फोटोत बाळ सत्यशीलाच्या मांडीवर. एका फोटोत मी आहे, परात धरून.

सकाळी ठरवलं होतं की गर्दी ओसरली की तिला बाजूला घेऊन हँडल द्यायचं, निरोप सांगायचा, झाली चूक म्हणायचं. पिशवीत घालून नेलंही होतं. फोटो पाहिले आणि परत घेऊन आले.

२८ एप्रिल, सोमवार

डाव्या हातानं लिहिते आहे. अक्षर नीट नाही. पण लिहायला हवं.

परवा शनिवारी चारच्या सुमाराला आभाळ काळं झालं. हे शेतात, भाऊजी माजलगावला. मी दारात उभी होते. सत्यशीला घराभोवती पळत पळत एकेक शटर खाली ओढत होती, बाहेरून कड्या लावत होती. मागच्या खिडकीचंही लावलं. माझ्याकडे बघून ओरडली, "आक्का, आत या की, लवकर." मी म्हटलं, मला माझं घर आहे. ती आत गेली आणि मोटारीचं शटर खर्रर्र खाली आलं.

गारा सुरू झाल्या. पत्र्यावर असा आवाज की स्वतःचं बोलणं ऐकू येईना. दहा मिनिटांत लाइट गेली. माझ्या मनात पहिला विचार आला तो असा: बसा आता कोंडून. हे खोटं कशाला लिहू? मला हसू आलं होतं.

मग आठवलं की पाऊण तासापूर्वी सत्यशीला ओट्यावर कोळसे फुलवत होती आणि शेगडी आत घेऊन गेली होती.

कपाटावरून हँडल काढलं, डोक्यावर घमेलं घेतलं आणि बोळातून पळाले. पुढच्या शटरवर हँडलानं बडवलं. आतून सासूबाईंचा आवाज आला, लांबून आल्यासारखा: "डोकं लई जड झालंय गं. बटन चालंना." सुनिताला हाका मारल्या, तिचा आवाज नाही. मी ते हँडल शटरच्या फटीत, कडेला, खाली, सगळीकडे घालून पाहिलं. मग उत्तरेश्वरचं बोलणं आठवलं. ते आतून घालायचं असतं. बावीस दिवस ते माझ्या कपाटावर होतं आणि मी बाहेर होते.

मागच्या खिडकीकडे गेले. कड्या बाहेर होत्या, त्याच, ज्यांच्यावर मी पाडव्याला मनात हसले होते. एक निघाली, दुसरी अडकली, दगडानं ठोकली. शटर छातीपर्यंत वर नेलं आणि वाऱ्यानं ते खाली आलं, उजव्या हाताच्या तीन बोटांवर. दुखलं की नाही आठवत नाही. पुन्हा वर नेलं, खाली खांदा लावला. घमेलं पडलं. सत्यशीला आतून काच उघडत होती, तिचे हात चालत नव्हते, ओकारी येत होती. मी ओरडले, बाळ आण, बाळ गजांशी आण. तिनं बाळ आणलं. मान टाकलेलं. गजांतून वारा आणि पाऊस त्याच्या तोंडावर गेला. मी मोजत होते. अंगणवाडीत मोजते तसं, मोठ्यानं. एकवीसला स्वरा रडली.

मग हँडल गजांतून आत दिलं. म्हटलं, मोटारीच्या पेटीच्या खाली भोक आहे, तिथं घाल, फिरव. ती भिंत धरत गेली. मी शटर खांद्यावर घेऊन उभी, डोक्यावर गारा. पुढचं दार वर गेल्याचा आवाज आला तोवर माझा खांदा बधिर झाला होता. विमलबाई आणि तिचा मुलगा धावत आले, त्यांनी सुनिताला उचलून ओसरीत आणलं. तिनं डोळे उघडून विचारलं, "आई, तुझ्या हाताला काय झालं?"

बीडला ऑक्सिजन लावला, दोन दिवस ठेवलं. सगळ्या बऱ्या आहेत. डॉक्टर म्हणाले, वेळेवर उघडलं.

३० एप्रिल, बुधवार

गावात मी मोठी झाले आहे. सरपंचबाई येऊन नारळ देऊन गेल्या. सासूबाई येईल त्याला सांगतात, "वनमाला देवावानी आली. जावंसाठी जीव दिला आसता तिनं." आणि टाळ्या वाजवतात. अठ्ठावीस वर्षांनी वाजवल्या, आणि मला तोंड लपवावंसं वाटतं.

ते हँडल माझ्याकडे कसं होतं, हे अजून कुणी विचारलेलं नाही. विचारतील म्हणून मी दर वेळी थांबते.

२ मे, शुक्रवार

आज सांगितलं. सत्यशीला माझ्या बोटांची पट्टी बदलायला आली होती. मी म्हटलं, ते हँडल चार तारखेपासून माझ्याकडे होतं, निरोपही होता, सगळा, जाळ करू नका म्हणून सुद्धा. मी दिला नाही. का दिला नाही ते तुला माहीत आहे.

तिनं पट्टी गुंडाळणं थांबवलं नाही. मग म्हणाली, "हँडलाचं मला ठावं होतं. उत्तरेश्वरनं ह्यांना फोनवर सांगितलं होतं, वहिनीकडं दिलंय म्हणून. म्हणून तर मी चीक घेऊन आलते."

मी विचारलं, मग मागितलं का नाहीस?

"न्हाई मागितलं. म्हणलं, देतील तवा देतील. सुनिता आल्यावर मागितलं आसतं तर तुमी रागानं हँडल दिलं आसतं आन तिला पन परत नेलं आसतं. मंग घरात काय ऱ्हानार होतं मह्या?" तिनं पट्टीचा आणखी एक वेढा घातला. "जाळाचं न्हवतं ठावं. आक्का, देवाशप्पत, ते ठावं आसतं तर मी गुडघ्यावर येऊन मागितलं आसतं."

मी रडले. ती पण रडली, पण पट्टी नीट बांधली. मी माझ्या हेव्यात इतकी गुंतले होते की तिच्या पोटात काही असेल असं मला कधी वाटलंच नाही. मला वाटायचं, जिच्या दाराला मोटार आहे तिला काय कमी.

जाताना म्हणाली, "सुनिताला न्या आता तुमच्याकडं. तुमचीच हाय."

हेच ऐकायला मी पंधरा दिवस तळमळत होते. तोंडापर्यंत हो आलं. मग म्हटलं, सवा महिना होईपर्यंत राहू दे तिकडेच. फक्त शेगडी बाहेर ओसरीत पेटवायची, आणि शेकायला आत न्यायची ती फक्त तापलेली वीट, निखारा नाही. ती बरं म्हणाली.

हे लिहिताना मोठेपणा वाटत नाही. वाईटच वाटतं आहे. पण बोलले ते बोलले.

५ मे, सोमवार

उत्तरेश्वर लग्न उरकून आला, हळदीचे हात घेऊन. सहाही खिडक्यांना आतून कड्या बसवल्या. मोटारीचं हँडल दारामागे खिळ्याला टांगलं, सासूबाईंच्या हाताला येईल एवढ्या उंचीवर, आणि सगळ्यांकडून एकेकदा फिरवून घेतलं. सासूबाईंनी दोनदा फिरवलं. माझं त्यानं नाव घेतलं नाही. जाताना फक्त माझ्या बोटांकडे बघितलं आणि टोपी नीट केली.

मग गोठ्याकडे गेला आणि ते आठवं शटर उचलून माझ्या दारात आणलं. मी म्हटलं, ते तर चुकीच्या मापाचं. तो म्हणाला, "चुकीचं कसं? तुमच्या खिडकीचंच माप हाय वहिनी. सत्यशीला वहिनीनं पाडव्याच्या आदल्या दिवशी सांगितलं होतं, तुमाला बोलायचं न्हाई म्हणून."

तासाभरात बसलं. हातानं ओढायचं, मोटार नाही. रंग तिच्या शटरांइतका चांगला नाही, पण माझ्या भिंतीला शोभतो. कडी आतून आहे.

तो गेल्यावर मी आत उभी राहून तीनदा लावलं आणि तीनदा उघडलं, डाव्या हातानं. तिसऱ्यांदा वर केलं तेव्हा समोर बोळात सत्यशीला उभी होती, स्वराला खांद्यावर घेऊन, मोत्यांची कुंची घातलेली. थोडं जळलं. शटर मात्र उघडंच ठेवलं.